भारतीय वंशाची माकडं



‘भारतीय वंशाचे’ हे शब्द आपल्या चांगले ओळखीचे आहेत. परदेशात कुणी खासदार झालं, कुणी मोठ्या कंपनीचं प्रमुख झालं, की दुसऱ्या दिवशी पेपरात ते छापून येतात. मला मात्र ते भलत्याच जागी भेटले. पोलिओच्या लशीवरच्या भागासाठी मी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचा इतिहास वाचत होतो आणि वाचता वाचता एचआयव्हीच्या संशोधनाकडे वळलो. एकामागून एक शोधनिबंध चाळत होतो, आणि प्रयोगाचा तपशील आला की कितीतरी ठिकाणी तेच वाक्य: या प्रयोगासाठी भारतीय वंशाची ऱ्हीसस माकडं वापरली.

मी इतिहासाचा माणूस, जीवशास्त्राचा नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात आधी तारखा आल्या. भारतानं माकडांची निर्यात बंद केली १९७८ मध्ये. एड्सची पहिली नोंद झाली ५ जून १९८१ ला, लॉस एंजेलिसच्या पाच रुग्णांची. मग ही माकडं आली कुठून? आणि इतक्या पिढ्या उलटल्यावरही शास्त्रज्ञ त्यांचं मूळ का लिहून ठेवतात?

ऱ्हीसस म्हणजे लाल तोंडाचं माकड. मथुरा-वृंदावनात तुमचा चष्मा पळवतं ना, तेच. आपल्याकडे काळ्या तोंडाचं वानर जास्त ओळखीचं, आणि दक्षिणेकडे डोक्यावर केसांची टोपी असलेलं माकड. रक्तगटापुढे आपण ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ लावतो, तो आरएच घटकही याच ऱ्हीससच्या नावाचा. १९४० मध्ये लँडस्टायनर आणि वीनर यांनी तो सांगितला. पुढे कळलं की माकडातला तो घटक आणि माणसातला घटक एकच नाहीत. तोवर नाव रुळलं होतं, ते तसंच राहिलं. माकडाकडे बघून माणसाबद्दल बोलताना किती जपावं लागतं, याचा हा एक साधा नमुना.

आता व्यापाराकडे येऊ. १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं भारतातून माकडं पकडून जहाजानं नेली आणि त्यांतली सुमारे चारशे प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर सोडली. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत. पण खरी मागणी वाढली ती पोलिओमुळे. साल्क यांच्या लशीसाठी विषाणू वाढवायचा तर ऱ्हीससच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्याकडून वर्षाला लाखाच्या वर माकडं बाहेर जात होती. १९५५ च्या जानेवारीत लंडनच्या विमानतळावर एका गाडीत कोंडलेली सुमारे चारशे माकडं गुदमरून मेली. इकडे संतापाची लाट उठली आणि सरकारनं निर्यात थांबवली. काही काळानं ती पुन्हा सुरू झाली ती एका अटीवर: माकडं फक्त औषधं, लशी आणि वैद्यकीय संशोधन यांसाठीच वापरायची.

ही अट मोडली गेली. अमेरिकी सैन्याच्या एका संस्थेत माकडांवर किरणोत्साराचे प्रयोग होत होते. न्यूट्रॉन बॉम्बचा माऱ्यातल्या सैनिकावर काय परिणाम होईल, हे बघण्यासाठी. शर्ली मॅकग्रील या प्राणिहक्क कार्यकर्तीनं ते उजेडात आणलं. त्या वेळी पंतप्रधान होते मोरारजी देसाई. १ एप्रिल १९७८ पासून निर्यात पूर्ण बंद झाली. आपल्याकडे काहीजण ही बंदी हनुमानाच्या श्रद्धेपुरती समजतात. श्रद्धा होतीच, पण कागदावरचं कारण दिलेला शब्द न पाळल्याचं होतं, आणि मला ते कारण भक्कम वाटतं.

बंदीनंतर अमेरिकेनं आपल्याकडे होत्या त्या माकडांची पैदास वाढवली. पैसा होता, जागा होती. सरकारी मदतीवर चालणारी प्राइमेट केंद्रं साठच्या दशकापासूनच उभी होती. शोधनिबंधातली ‘भारतीय वंशाची’ माकडं म्हणजे या बंदीआधीच्या पिढीची लेकरं-नातवंडं. भारत त्यांनी कधी पाहिलेलाच नाही.

तीनच वर्षांनी एड्स आला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाला विषाणू सापडला. आता औषधं आणि लशी तपासायला हा रोग होणारा प्राणी हवा होता. उंदीर, ससे निरुपयोगी, त्यांना एचआयव्हीची लागणच होत नाही. म्हणून सगळ्यांच्या नजरा चिंपांझींकडे वळल्या.

चिंपांझींचं प्रकरण मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातून फारसं काही निघालं नाही. त्यांना लागण होत होती, पण ते आजारी पडत नव्हते. शंभराहून अधिक चिंपांझींना विषाणू टोचला गेला. त्यांच्यापैकी अटलांटाच्या यर्किस केंद्रातल्या एकाला दहाएक वर्षांनी एड्स झाल्याची नोंद गाजली. एक चिंपांझी पन्नास वर्षं जगू शकतो. त्याला पिंजऱ्यात ठेवून दहा वर्षं वाट बघायची, आणि हाती जवळपास शून्य. पुढे १९९९ मध्ये बिअट्रिस हान यांच्या गटानं दाखवून दिलं की माणसातला एचआयव्ही-१ मुळात मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींच्या विषाणूतूनच आलेला आहे. त्या जुन्या निकालांकडे मग वेगळ्या नजरेनं बघावं लागलं.

दरम्यान, अमेरिकेतल्या पिंजऱ्यांमध्ये दुसरंच काही घडत होतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस आणि मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू इंग्लंड या दोन प्राइमेट केंद्रांनी कळवलं की त्यांच्याकडची आशियाई माकडं एड्ससारख्या रोगानं मरताहेत. डेव्हिसमधला विषाणू वेगळ्याच कुळातला निघाला. न्यू इंग्लंडमध्ये मात्र १९८५ मध्ये एचआयव्हीचा भाऊ शोभेल असा विषाणू हाती लागला. आज त्याला एसआयव्ही म्हणतात. त्याच्या दोन प्रसिद्ध वाणांची नावं आहेत मॅक२५१ आणि मॅक२३९. हे आकडे म्हणजे ज्या माकडांच्या अंगातून विषाणू काढला, त्यांचे केंद्रातले क्रमांक.

पण आशियातल्या माकडांमध्ये हा विषाणू आला कुठून? उत्तर भारतात रानातल्या लाल तोंडाच्या माकडांत एसआयव्ही नाही, आशियातल्या कुठल्याच रानटी माकडात नाही. तो आहे आफ्रिकेतल्या चाळीसहून अधिक जातींच्या माकडांत. त्यांतलं एक पश्चिम आफ्रिकेतलं, काजळी रंगाचं मँगबे. त्याच्या रक्तात विषाणू भरपूर असतो आणि तरीही ते ठणठणीत जगतं.

लुइझियानातल्या डेल्टा केंद्रात कुष्ठरोगावर काम चाललं होतं. एका मँगबेला आपसूकच कुष्ठरोग झाल्याचं तिथं आढळलं होतं, म्हणून त्या रोगाचे जंतू असलेल्या ऊती ऱ्हीसस माकडांना टोचल्या गेल्या. माकडं खंगली, पण कुष्ठरोगानं नव्हे. त्यांची प्रतिकारशक्तीच कोसळली. कुष्ठरोगाच्या जंतूंबरोबर मँगबेचा विषाणूही सुईतून गेला होता. १९८६ मध्ये हे छापून आलं. न्यू इंग्लंडमधल्या विषाणूचा माग काढताना संशोधक कॅलिफोर्नियापर्यंत मागे गेले; तिथं साठच्या दशकात मँगबे आणि आशियाई माकडं एकाच केंद्रात होती, आणि तिथून काही माकडं पुढे दुसरीकडे गेली. १९८९ मध्ये विषाणूंचे जनुक ताडून बघितले तर मँगबेचा विषाणू, माकडांना मारणारा मॅक आणि माणसातला एचआयव्ही-२ अगदी जवळचे नातलग निघाले.

मला इथं थांबावंसं वाटतं. एड्सच्या संशोधनातलं सगळ्यात महत्त्वाचं ‘मॉडेल’ कुणी विचार करून घडवलेलं नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतलं माकड आणि उत्तर भारतातलं माकड निसर्गात एकमेकांना कधी भेटले नसते. माणसानं त्यांना एका छपराखाली आणलं, एकाच्या ऊती दुसऱ्याला टोचल्या, आणि विषाणूनं उडी मारली. रानातलं मांस कापताना चिंपांझीचं रक्त माणसाच्या जखमेत गेलं असावं आणि तिथून आपली साथ सुरू झाली, असं मानलं जातं. प्रयोगशाळेत तेच पुन्हा घडलं, फक्त इथं उडी झेलणारं दुसरं माकड होतं. म्हणूनच ऱ्हीससचा आजार माणसाच्या आजाराशी इतका जुळतो: नव्या यजमानाच्या अंगात आलेला जुना विषाणू.

आता या माकडांनी आपल्याला सांगितलं काय?

एक गोष्ट आतड्याची. एचआयव्हीचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा लागण होऊन बहुधा काही वर्षं गेलेली असतात. पहिल्या आठवड्यांत आत काय झालं, हे बघायची सोय नसते. माकडाच्या बाबतीत लागणीचा दिवस आणि तास ठाऊक असतो. १९९८ मध्ये रोनाल्ड व्हीझी आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या आतड्यांचे तुकडे तपासले, तर पहिल्या तीन आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशींचा फडशा पडलेला. रक्ताच्या तपासणीत त्या वेळी इतकं काही दिसत नव्हतं. नंतर माणसांतही तसंच आढळलं. एड्स हा हळूहळू पोखरणारा रोग, ही समजूत त्यामुळे बदलली: मोठा दरोडा पहिल्या महिन्यातच पडून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट औषधाची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. १९९५ मध्ये सिॲटलमध्ये चे-चुंग त्साय यांच्या गटानं पीएमपीए नावाचं रसायन तपासलं. (इथली माकडं भारतीय वंशाची नव्हती, आग्नेय आशियातली लांब शेपटीची होती. उगाच सगळं श्रेय आपल्याकडे ओढायला नको.) काही माकडांना विषाणू टोचण्याच्या ४८ तास आधीपासून, काहींना टोचल्यावर ४ तासांनी आणि काहींना २४ तासांनी औषध सुरू केलं, रोज एक, चार आठवडे. औषध मिळालेल्या एकाही माकडाला लागण झाली नाही. औषध न दिलेल्या सगळ्यांना झाली.

१९९८ मध्ये त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला. उशीर केला तर? औषध लवकर बंद केलं तर? २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिलं की माकडं वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलं, किंवा दहा अथवा तीनच दिवस दिलं, की पकड सुटत गेली. आता विचार करा, हा प्रयोग माणसांवर करता येईल का? सुई टोचलेल्या दहा परिचारिकांना आज औषध द्यायचं, दहांना परवा, आणि दहांना मधेच बंद करायचं? कुठलीच नैतिक समिती हे मान्य करणार नाही, करूही नये. आपल्या सरकारी दवाखान्यात रुग्णाची सुई टोचली गेली तर शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांत औषध सुरू करतात आणि ते २८ दिवस देतात. माणसांतली माहिती त्यात आहे, पण घड्याळ आणि दिनदर्शिका यांचा मोठा आधार या माकडांचाच आहे.

पीएमपीएचं आजचं नाव टेनोफोविर. ते तोंडावाटे घेता येईल असं रूप अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. लागण होण्याआधीच घ्यायची गोळी म्हणून त्यावर आधारलेल्या औषधाला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. आणि आपल्याकडच्या एआरटी केंद्रांत रोज घ्यायची जी एक गोळी मिळते, तिच्यातल्या तीन औषधांपैकी एक टेनोफोविर आहे. इंदूर, हुबळी, सुरत, कुठल्याही गावी घ्या.

आता दुसरी बाजू, कारण या माकडांनी काही वेळा फसवलं. खरं तर फसवलं म्हणणं बरोबर नाही. त्यांना जे विचारलं त्याचंच उत्तर त्यांनी दिलं.

अडचण अशी होती की एचआयव्ही ऱ्हीससच्या पेशीत वाढतच नाही. त्या पेशीतलं ट्रिम५-अल्फा नावाचं प्रथिन त्याला दारातच अडवतं. २००४ मध्ये ते सापडलं. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याआधीच, नव्वदच्या सुरुवातीला, संकर केला होता: एसआयव्हीचा गाभा आणि एचआयव्हीचं बाहेरचं आवरण. त्याला म्हणाले शिव्ह. त्यातला एक वाण, ८९.६पी, फार लोकप्रिय झाला. तो माकडांच्या सीडी४ पेशी झपाट्यानं मारायचा, त्यामुळे लशीचा फायदा ठळक दिसायचा. मर्क कंपनीची लस सर्दीच्या एका विषाणूवर स्वार होऊन जाणारी होती. ८९.६पी टोचलेल्या माकडांना तिनं उत्तम सांभाळलं. २००४ च्या डिसेंबरात तीन हजार माणसांवरची स्टेप नावाची चाचणी सुरू झाली.

चाचणी चालू असतानाच, २००५ मध्ये, मर्कच्याच संशोधकांनी त्याच धर्तीच्या लशीचे आणखी निकाल छापले. या वेळी विषाणू होता चिवट मॅक२३९. त्याच्यापुढे लस फिकी पडली. माणसातला एचआयव्ही ८९.६पीसारखा वागतो की मॅक२३९सारखा, याचं उत्तर २००७ च्या सप्टेंबरात आलं. स्टेप चाचणी मधेच थांबवावी लागली. लशीचा उपयोग नव्हताच. उलट स्वयंसेवकांच्या काही गटांत लस घेतलेल्यांना लागण जास्त झालेली दिसली. ही माणसं समाजाच्या भल्यासाठी दंड पुढे करून आली होती.

त्यानंतर लगेच ‘माकडांचं मॉडेल मेलं’ अशी ओरड झाली. मला ती आळशी वाटते. एका माकड-प्रयोगानं हो म्हटलं होतं आणि दुसऱ्यानं नाही. सोपी परीक्षा घेऊन मिळालेल्या गुणांवर विसंबलं गेलं, इतकंच. पेपरात ‘माकडांवर लस यशस्वी’ असं वाचलं की मी आता बातमीत विषाणूच्या वाणाचं नाव शोधतो. बहुतेक वेळा ते दिलेलंच नसतं.

नकोसं सत्यही माकडांनी सांगितलं आहे. १९९२ मध्ये रोनाल्ड डेस्रोझिए यांनी एसआयव्हीतला नेफ नावाचा जनुक कापून टाकला; अशा दुबळ्या, जिवंत विषाणूनं माकडांना सुंदर संरक्षण मिळालं. देवी, पोलिओ यांच्या लशी अशाच जिवंत विषाणूंच्या, त्यामुळे आशा फार वाढली. १९९५ मध्ये रुथ रुप्रेख्त यांनी अशाच दुबळ्या केलेल्या विषाणूनं माकडांच्या नवजात पिल्लांना एड्स होतो हे दाखवलं, आणि पुढे प्रौढ माकडांतही तसं झालं. या निकालाच्या वेळी काही जणांना तो अडथळा वाटला होता. पण ऑस्ट्रेलियात सिडनीला एका रक्तदात्याकडून असाच नेफ बिघडलेला एचआयव्ही काही जणांच्या अंगात गेला होता. ते बरीच वर्षं निरोगी राहिले, आणि मग त्यांच्यातल्याही काहींच्या सीडी४ पेशी घसरू लागल्या. लस म्हणून हा विषाणू लाखो लोकांना दिला गेला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

आता माझा दुसरा प्रश्न: मूळ का लिहून ठेवतात? कारण त्यानं निकाल बदलतो. बंदीनंतर अमेरिकेत चीनमधून ऱ्हीसस माकडं येऊ लागली. जात तीच, पण मॅक टोचल्यावर त्यांच्या रक्तात विषाणू सहसा कमी राहतो आणि आजार सावकाश वाढतो. भारतीय वंशाच्या माकडांना तो लवकर आणि जोरात होतो. शिवाय भारतीय वंशाच्या सुमारे पाव माकडांत मामू-ए-०१ नावाचा एक जनुक असतो. (मामू म्हणजे मकाका मुलाटा या शास्त्रीय नावाची पहिली अक्षरं, मुंबईतले मामू नव्हेत.) तो असलेली माकडं विषाणूला जरा जास्त आवर घालतात. लस दिलेल्या गटात अशी माकडं चुकून जास्त आली, तर यश लशीचं की मामूचं? २००७ मध्ये ऱ्हीससचा संपूर्ण जनुकसंच छापला गेला, तोही भारतीय वंशाच्या मादीचा. मूळ लिहिणं ही औपचारिकता नाही, ते मोजमापाचंच एक अंग आहे.

पुण्याचा धागाही सांगून टाकतो. २००५ च्या फेब्रुवारीत भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूतून, आपल्याकडे आढळणाऱ्या सी उपप्रकाराचे जनुक पोचवणारी ती लस. याच पद्धतीच्या लशीनं माकडांत एसआयव्हीला बराच लगाम घातला होता. ३० निरोगी स्वयंसेवक पुढे आले. त्या काळात ‘एड्सची लस घेतली’ असं घरी सांगणं काय होतं, याची कल्पना करा. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती जागवण्यात फार कमी पडली. माकडांतून मिळालेली आशा तिथं टिकली नाही, आणि ते शोधून काढायचं काम त्या ३० जणांनी केलं.

हे सगळं करावं का, हा प्रश्न पोलिओच्या भागानंतर अनेकांनी मला विचारला होता. माझं मत सांगतो. तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही. २४ तास की ७२ तास, हा प्रश्न विचारायला दुसरी जागा नव्हती, आणि उत्तरानं माणसं वाचली. ८९.६पीवरच्या कितीतरी प्रयोगांबद्दल मला तसं म्हणवत नाही. तिथं माकडं मेली ती प्रश्न सोपा निवडल्यामुळे. श्रद्धेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी हा हिशेब उरतोच.

चिंपांझींबाबत अमेरिकेनं तो हिशेब केला. २०११ च्या डिसेंबरात एका तज्ज्ञ समितीनं सांगितलं की त्यांच्यावरचं बहुतेक संशोधन अनावश्यक आहे, आणि २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं चिंपांझींवरचे प्रयोग संपवले. एचआयव्ही टोचलेले काही चिंपांझी लुइझियानातल्या चिंप हेवन या आश्रमात झाडांवर चढत म्हातारे झाले. त्याच वर्षी न्यू इंग्लंडचं केंद्रही बंद पडलं. लाल तोंडाच्या माकडांना असा आश्रम क्वचितच मिळतो. प्रयोग संपला की बहुतेकांचं शवविच्छेदन होतं. क्रमांक २३९ चं माकड जाऊन कित्येक वर्षं झाली. त्याच्या अंगातून काढलेला विषाणू अजून शीतपेट्यांत आहे आणि नव्या लशींची परीक्षा आजही त्याच्यासमोर होते.